‘स्वतः’ : रमाबाई रानडे यांच्या आठवणी आणि नेतृत्वगुणांचा प्रश्न

पुढाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत, या प्रश्नाला मराठी चरित्रवाङ्मयाने आजवर दिलेली उत्तरे बहुतांशी विशेषणांच्या रूपाने आलेली आहेत. धैर्य, निःस्पृहता, दीर्घोद्योग, करारी बाणा, वक्तृत्व अशी ही यादी कमीअधिक फरकाने सर्वत्र तीच आढळते. ही विशेषणे खोटी असतात असे नाही. पण एका चरित्रातून उचलून ती दुसऱ्या चरित्रात घातली तरी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि ज्या गुणाचे वर्णन कोणालाही लागू पडते ते वर्णन कोणाचेच नसते. या रीतीच्या मुळाशी एक समजूत आहे. गुण हा थोर पुरुषाच्या ठिकाणी पेटीतल्या ठेवीसारखा असतो आणि चरित्रकाराने ती पेटी उघडून दाखवली की काम झाले, अशी ती समजूत होय. वस्तुतः नेतृत्व हा एकट्याचा गुण नसून दोघांमधला व्यवहार आहे. त्यात नेणारा असतो तसा नेला जाणाराही असतो. या दुसऱ्या पक्षाची साक्ष काढल्यावाचून पहिल्याच्या गुणांचा निवाडा करणे म्हणजे एकतर्फी हुकूमनामा देण्यासारखे आहे.

मराठीत अशी साक्ष विपुल नाही. अनुयायांनी लिहिलेली चरित्रे पुष्कळ आहेत, परंतु त्यांत अनुयायी स्वतःला पुसून टाकतो आणि आपल्याला काय सोसावे लागले हे सांगणे त्याला अप्रशस्त वाटते. या दृष्टीने पाहता रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे 1910 साली प्रसिद्ध झालेले पुस्तक अपवादभूत आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि तेव्हापासून ते एका पतिनिष्ठ स्त्रीचे हृद्य निवेदन म्हणून वाचले गेले. ते तसे आहेच. पण 1873 पासून 1901 पर्यंत सत्तावीस वर्षे एका नेत्याच्या अगदी जवळ राहून, त्याच्या हाताखाली घडून, त्याच्या प्रत्येक माघारीची आणि प्रत्येक आग्रहाची झळ अंगावर घेऊन एका व्यक्तीने ठेवलेली ही नोंदवहीही आहे. न. र. फाटक यांच्या 1924 सालच्या साधार आणि विस्तृत चरित्रात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची सार्वजनिक कामगिरी जितकी दिसते, तितकी ती या आठवणींत दिसत नाही. मात्र ती कामगिरी करणाऱ्या माणसाचा स्वभाव दुसऱ्याच्या आयुष्यावर कसा चालत होता, हे समजून घेण्यास आठवणींकडेच वळावे लागते.

पुस्तकाच्या भाषेतील एक लकब प्रथम पाहण्यासारखी आहे. तत्कालीन रीतीनुसार पतीचे नाव घेणे रमाबाईंना शक्य नव्हते. म्हणून त्या सर्वत्र त्यांचा उल्लेख ‘स्वतः’ या शब्दाने करतात. स्वतः कचेरीतून आले, स्वतः वाचीत बसले, अशा धर्तीची ही वाक्यरचना आहे. घरगुती मराठीत ती त्या काळी रूढ होती, त्यामुळे समकालीन वाचकाला तीत काही विशेष वाटले नसेल. पण पुस्तकभर ती रचना आढळल्यावर तिचा एक परिणाम घडतो. ‘स्वतः’ हा शब्द एकाच माणसाने व्यापला असल्यामुळे लिहिणाऱ्या बाईंना आपल्यासाठी तो वापरता येत नाही. त्यांना केवळ ‘मी’ उरते, आणि ते ‘मी’ आरंभी फार दबलेले आहे. कॅथरीन गेट्स यांनी 1938 साली केलेल्या इंग्रजी भाषांतराला याच शब्दाचे शीर्षक दिले, यात त्यांची मर्मदृष्टी दिसते. कुसुमावती देशपांडे यांच्या 1963 मधील भाषांतराचे शीर्षक अधिक सरळ आहे, म्हणून ते अधिक अचूकही म्हणता येईल. परंतु मूळ पुस्तकाचा ताण पहिल्या शीर्षकाने पकडला आहे.

नेत्याच्या चरित्राची सुरुवात सामान्यतः त्याच्या बाळपणीच्या तेजाने होते. या पुस्तकात ती नेत्याच्या पराभवाने होते. 1873 मध्ये रानड्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाच्या चळवळीतील ते एक अग्रणी होते. एखाद्या विधवेशीच ते विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती आणि सनातनी वडिलांना भीतीही नेमकी तीच होती. वडिलांनी घाई केली, निर्वाणीची भाषा वापरली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एकतीस वर्षांच्या रानड्यांचे अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न लागले. ही मुलगीच पुढे हे पुस्तक लिहिते. म्हणजे ज्या तडजोडीबद्दल रानड्यांना आयुष्यभर दूषण ऐकावे लागले, ती तडजोडच या पुस्तकाची लेखिका आहे. रमाबाई त्या दिवसाचे वर्णन समजूतदारपणे करतात, पतीच्या मनातील कोंडमारा सांगतात, वडिलांचाही अनादर करीत नाहीत. आपल्याशी झालेले लग्न हा एका थोर माणसाच्या शीलावरचा डाग समजला जातो, हे जाणणाऱ्या स्त्रीला ही पाने लिहिताना काय वाटले असेल, याचा उच्चार पुस्तकात कोठेही नाही.

लग्नानंतर लगेच शिक्षणास आरंभ झाला. येथे रानड्यांचा एक गुण निःसंशय दिसतो. तो म्हणजे हाती आलेल्या परिस्थितीतून काम काढून घेण्याची वृत्ती. जे टाळता आले नाही त्याबद्दल शोक करीत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. हीच वृत्ती ज्ञानाच्या बाबतीत निरहंकाराचे रूप घेते. 1886 च्या सुमारास वित्तसमितीच्या कामासाठी दोघे कलकत्त्यास राहिले असताना रानडे बंगाली शिकू लागले, आणि दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला शब्दांचे अर्थ विचारू लागले. आत कोण पंतोजी आले आहेत म्हणून रमाबाईंनी पाहिले तो समोर न्हावी! या प्रसंगावर त्या मनमोकळे हसतात आणि वाचकही हसतो. स्वामी दयानंद 1875 साली पुण्यात आले असता निघालेल्या मिरवणुकीत रानड्यांच्या अंगावर चिखल उडाला, हाही प्रसंग असाच. दोन्ही ठिकाणी स्वतःच्या प्रतिष्ठेविषयी एक प्रकारचा निश्चिंतपणा आहे. मानापमानाची खरी कसोटी मोठ्या अपमानात लागत नाही, तशा अपमानाला पुष्कळ जण सज्ज असतात. ती न्हाव्यासमोर विद्यार्थी होण्यासारख्या क्षुल्लक प्रसंगी लागते. चरित्रकार हा गुण ‘नम्रता’ या शब्दात गुंडाळून पुढे जातात. रमाबाईंनी तो साबणाच्या फेसासह दाखवला आहे.

येथवर नेत्याचे गुण त्याच्या एकट्याच्या खर्चाने चालतात. खरी अडचण घराच्या माजघरात सुरू होते. रानड्यांच्या घरात वडील पिढीच्या स्त्रिया होत्या, विधवा बहीण दुर्गाबाई होत्या, आणि रमाबाईंचे शिकणे या सर्वांना असह्य होते. मिस हरफर्ड यांच्याकडे त्या इंग्रजी शिकू लागल्यावर परक्या बाईच्या संसर्गाचा विटाळ मानण्यात आला आणि स्नानाचे सोपस्कार मागे लागले. पंडिता रमाबाई 1882 मध्ये पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाजाच्या सभा सुरू झाल्या, तेव्हा घरातील बोलण्याला अधिकच धार चढली. मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी 1884 साली गव्हर्नरांसमोर झालेल्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचले. सभेत टाळ्या मिळाल्या आणि घरी आल्यावर टोमणे. रानड्यांना हे सर्व माहीत होते. घरातील वडील बायकांना त्यांनी खडसावले नाही. आपल्या अभ्यासात खंड पडू द्यायचा नाही आणि त्यांच्या बोलण्याला उलट उत्तरही करायचे नाही, असा पत्नीला त्यांचा उपदेश होता.

हा उपदेश उदात्त आहे यात शंका नाही. रानड्यांच्या सामाजिक विचाराशी तो सुसंगतही आहे, कारण भूतकाळाशी एकदम संबंध तोडणारी सुधारणा टिकत नाही, असे त्यांचे मत होते आणि घरातही ते त्याच मताने वागले. पण येथे हिशेब नीट मांडला पाहिजे. तत्त्व रानड्यांचे होते. ते पाळताना जे सोसावे लागले ते रमाबाईंनी सोसले. सकाळी कचेरीत जाणाऱ्या माणसाला घरातील बोलणी संध्याकाळी हकिकतीच्या रूपाने ऐकू येतात. घरातच राहणाऱ्या सुनेला ती दिवसभर प्रत्यक्ष ऐकावी लागतात. ज्या गुणाला सहिष्णुता म्हणतात तिचे दोन प्रकार करणे यामुळे भाग पडते. आपल्यावर आलेले आपण सोसणे हा एक प्रकार आणि आपल्या धोरणासाठी दुसऱ्याला सोसायला लावणे हा दुसरा. नेतृत्वाच्या चर्चेत या दोहोंना एकच नाव मिळते, आणि तेथेच सगळा घोटाळा होतो.

रमाबाई हा भेद कोठेही शब्दांनी करीत नाहीत; तो करता येईल इतका पुरावा मात्र त्या प्रामाणिकपणे पुढे ठेवतात. पुस्तकातील सर्वांत बोलका प्रसंग मौनाचा आहे. एकदा ज्येष्ठ स्त्रियांच्या धाकाने त्या पतीच्या इच्छेविरुद्ध वागल्या. रानडे रागावले नाहीत, त्यांनी कारणही विचारले नाही. ते केवळ बोलायचे थांबले. रात्री त्यांच्या पायांना तूप चोळण्याचा रमाबाईंचा नित्यक्रम होता. त्या चोळीत राहिल्या आणि एरवी काहीतरी बोलणारा माणूस झोपेचे निमित्त करून गप्प राहिला. त्या मौनाने जे केले ते शंभर शब्दांनी झाले नसते, अशा अर्थाची कबुली त्या वर्णनातून आपोआप उमटते. दुसऱ्या सकाळी क्षमायाचना झाली, प्रश्न मिटला. आजच्या वाचकाला या ठिकाणी अस्वस्थ वाटते आणि तसे वाटणे योग्यच आहे. ज्येष्ठांना उलट बोलू नये हा दंडक ज्याने स्वतःच घालून दिला, त्यानेच ज्येष्ठांपुढे नमल्याबद्दल अबोला धरावा, यात अन्याय आहे. परंतु हे मौन म्हणजे निव्वळ जुलूम, असेही म्हणून चालणार नाही. हुकूम सोडणे हे त्या काळच्या नवऱ्याला सर्वांत सोपे होते आणि समाजाची त्याला पूर्ण संमती होती. रानड्यांनी ते केले नाही. तिने स्वतः विचार करून आपल्या बाजूला यावे अशी त्यांची अपेक्षा होती. ही अपेक्षा हुकुमाहून अधिक सन्मानाची आहे आणि अधिक जाचकही आहे, कारण हुकूम पाळून मोकळे होता येते. अपेक्षेतून सुटका नसते. अनुयायाला स्वतंत्र व्हायला भाग पाडणाऱ्या नेत्याच्या सत्तेत ही विसंगती बहुधा नेहमीच असते. मराठी गद्यात तिचे इतके अचूक चित्र अन्यत्र क्वचितच सापडेल.

या घरगुती प्रसंगांच्या उजेडात रानड्यांच्या सार्वजनिक माघारी वाचल्या म्हणजे त्यांचा अर्थ बदलतो. 1890 साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहापानाचा प्रसंग घडला. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात झळकली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. टिळकांनीही घेतले होते. पण टिळकांच्या प्रायश्चित्तात डावपेच दिसला आणि रानड्यांच्या प्रायश्चित्तात दुबळेपणा. सुधारणेचा पुरस्कर्ता म्हणून ज्याच्याकडे तरुण पाहत होते त्याने रूढीपुढे मान तुकवली, असा बोभाटा झाला. रमाबाईंच्या निवेदनात या निर्णयामागे स्वतःची सोय नसून मित्रांच्या कुटुंबांची अडचण होती असे येते. 1895 मध्ये काँग्रेसच्या पुण्यातील अधिवेशनाच्या वेळी सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरू देण्यास विरोध झाला, तेव्हाही रानड्यांनी हट्ट न धरता परिषद दुसरीकडे भरवली. दोन्ही प्रसंगी त्यांनी कमीपणा आपल्याकडे घेतला, दुसऱ्याची अडचण दूर केली आणि काम चालू ठेवले. येथील सहिष्णुता पहिल्या प्रकारची आहे. तिची किंमत त्यांनी आपल्या कीर्तीतून मोजली. तेव्हा जो टीकाकार प्रायश्चित्ताला भ्याडपणा म्हणतो आणि माजघरातील संयमाला थोरवी म्हणतो, त्याचा निवाडा उलटा फिरवावा लागेल. रानडे पंचहौद प्रकरणात अधिक मोठे दिसतात. कमी पडले असतील तर ते घरात.

रानड्यांच्या मोठेपणाची चिकित्सा करणारे सर्वांत कसदार विवेचन मात्र घराच्या नव्हे तर समाजाच्या बाजूने आले. 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात, रानड्यांच्या एकशेएकाव्या जयंतीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेले व्याख्यान हे केवळ रानड्यांवरचे नाही. थोर पुरुष कोणाला म्हणावे याची ती मीमांसा आहे. कार्लाईलने सांगितलेला प्रांजळपणा त्यांना आवश्यक वाटतो, पण पुरेसा वाटत नाही. बुद्धीची जोडही अपुरी वाटते. सामाजिक हेतूने पेटलेला आणि समाजाची घाण काढण्याचे अप्रिय काम पत्करणारा माणूसच थोर, असा त्यांचा निकष आहे. रानड्यांना तुरुंगवास घडला नाही, हौतात्म्य लाभले नाही, या आक्षेपाला त्यांनी दिलेले उत्तर तर विलक्षण आहे. सरकारला विरोध करणाऱ्यापेक्षा समाजाला विरोध करणाऱ्याची परीक्षा कठीण असते, कारण समाजाची शिक्षा अधिक सर्वव्यापी आणि अधिक परिणामकारक असते, असे ते म्हणतात. ज्यांनी त्या शिक्षेचा जन्मभर अनुभव घेतला त्यांच्या तोंडून हे आल्यामुळे त्याला वेगळे वजन आहे. स्तुती करताना त्यांनी हातचे राखून ठेवले असेही नाही. रानड्यांच्या पक्षाला संघटना उभारता आली नाही हा दोष त्यांनी स्पष्ट दाखवला.

आंबेडकरांचा हा मुद्दा आठवणींना लावून पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. समाजाची जी शिक्षा त्यांना अभिप्रेत होती ती रानड्यांच्या वाट्याला ग्रामण्याच्या रूपाने अधूनमधून आली. रमाबाईंच्या वाट्याला ती रोजच्या पंक्तीला, पाणवठ्याशी, हळदीकुंकवाला आली. त्यांच्या निकषाने मोजल्यास या पुस्तकातील कठीण परीक्षा देणारी व्यक्ती ‘स्वतः’ नसून ‘मी’ आहे.

रानडे यांचा स्वतःचा नेतृत्वविषयक सिद्धान्त 1900 साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथात आहे. शिवाजी महाराजांचे कर्तृत्व हा एकाकी चमत्कार नसून, संतांनी आणि सामान्य जनांनी पिढ्यानपिढ्या केलेल्या मशागतीचे ते फळ आहे, असे प्रतिपादन त्यात आहे. संतांविषयीचे हे मत राजवाड्यांना मानवले नाही, आणि इतिहास म्हणून त्यावर अद्याप वाद होऊ शकतो. पण तो ग्रंथ लिहिणाऱ्याचे मन त्यातून स्पष्ट कळते. नेता माती निर्माण करीत नाही, तो मातीतून उगवतो, आणि म्हणून मशागतीचे काम पेरणीहून हलके नव्हे, असे मानणारा माणूस सभा, परिषदा, ग्रंथमंडळे, औद्योगिक प्रदर्शने यांतच आयुष्य घालवणार आणि उठावाची घाई करणार नाही. रानडे वारल्यावर टिळकांनी केसरीत लिहिलेल्या मृत्युलेखात गारठलेल्या महाराष्ट्रात चेतना आणण्याचे श्रेय त्यांना दिले. विरोधकाने दिलेले हे श्रेय मशागतीचेच आहे.

मशागत सफल झाली की नाही हे पीक आल्यावर ठरते. 16 जानेवारी 1901 रोजी रानडे गेले, आणि आठवणींचा ओघ तेथेच थांबतो. रमाबाईंचे वय तेव्हा चाळिशीच्या आत होते. त्यानंतरची तेवीस वर्षे पुस्तकात नाहीत. पण ती जमेस धरल्याशिवाय पुस्तकाचा अर्थ पुरा होत नाही. पुण्याच्या सेवासदनाचे काम 1909 पासून त्यांनी उभे केले. परिचारिका आणि शिक्षिका म्हणून स्त्रियांना, त्यातही विधवांना, पायावर उभे करण्याचे ते काम होते. मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी त्या पुणे नगरपालिकेशी झगडल्या, मुंबई प्रांतातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत पुढे राहिल्या. उलट उत्तर करायचे नाही या शिकवणुकीत वाढलेली स्त्री आता सार्वजनिक सभांतून उत्तरे देत होती. रानड्यांनी घडवलेल्या संस्थांपैकी काही त्यांच्या हयातीतच त्यांच्या हातून निसटल्या. सार्वजनिक सभा टिळकपक्षाकडे गेल्यावर 1896 मध्ये त्यांना डेक्कन सभा काढावी लागली. ज्या एका व्यक्तीला त्यांनी रोज थोडेथोडे शिकवले, तिने मात्र त्यांच्या पश्चात नवी संस्था उभी केली. संघटनेच्या अभावाबद्दल आंबेडकरांनी ठेवलेल्या ठपक्याला हे पूर्ण उत्तर होत नाही, पण नोंद करण्याजोगे आहे.

तरीही आठवणींचे पारडे रानड्यांच्या बाजूला झुकवून मोकळे होता येत नाही, आणि त्याचे कारण पुस्तकातच आहे. दुर्गाबाई बहुतेक प्रसंगी विरोधकाच्या भूमिकेत येतात. त्यांचे बोलणे तिखट आहे, रमाबाईंना त्यांचा त्रास झाला आहे, आणि तो सांगताना लेखिकेने आपल्याकडून शक्य तितका समतोल राखला आहे. परंतु विधवांच्या पुनर्विवाहासाठी झटणाऱ्या नेत्याच्या घरात त्याची विधवा बहीण विधवाच राहिली होती. आपल्याहून लहान भावजयीच्या हाती पाटीपुस्तक येताना, तिच्यासाठी शिक्षिका घरी बोलावली जाताना, तिला सभांना नेले जाताना या बाईंनी पाहिले. त्या विरोधाला जुन्या मताचा हट्ट म्हणून सोडून देणे सोपे आहे, आणि आजवरच्या बहुतेक वाचकांनी तसे केलेही आहे. ज्याने सर्वांना बरोबर घेऊन जाण्यासाठी इतका संयम पाळला, त्याच्या घरातलीच एक व्यक्ती मागे का राहिली, तिला कोणी कधी विचारले होते की नाही, हे या पुस्तकातून कळत नाही. दुर्गाबाईंनी आठवणी लिहिलेल्या नाहीत.